टोपली विणण्याचा पाच दिवसांचा वर्ग: ओल्या आणि सुक्या पातींचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका गावात मे महिन्यात बांबूची टोपली विणायला शिकवणारा पाच दिवसांचा वर्ग भरला. शिकणारे बारा जण होते. त्यांत बचत गटातल्या सात बायका, बांधावर माणगा ही बांबूची जात लावलेले दोन शेतकरी, हस्तकला शिकवणारी एक शिक्षिका आणि गोव्यातल्या पेडण्याकडून आलेले दोघे. शिकवायला पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करणाऱ्या बुरूड कुटुंबातले एक काका होते. वर्ग एका छोट्या स्थानिक संस्थेने घेतला होता. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

कोकणात सूप, रोवळी, हारा, परडी, डालगं या वस्तू अजून घरोघरी असल्या, तरी त्या विणणारे हात कमी होत चालले आहेत. आंब्याच्या करंड्या गेल्या, त्यांच्या जागी लाकडी पेट्या आणि पुठ्ठ्याचे खोके आले. तांदूळ धुवायची रोवळी प्लास्टिकची झाली. त्यामुळे एका बुरूड कुटुंबाने आपलं काम इतरांना उघडपणे शिकवायला तयार होणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि संस्थेलाही त्याची जाण होती. वर्गाच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "शेवटच्या दिवशी प्रत्येकजण स्वतः विणलेली टोपली घरी नेईल." पुढे घडलेल्या बहुतेक गोष्टींचा धागा या एका वाक्यापर्यंत जातो.

बांबूचा प्रश्न नव्हता. वर्गात आलेल्या शेतकऱ्यांपैकी एकाने आपल्या बांधावरचा माणगा देऊ केला होता. खाजगी जमिनीतल्या बांबूला परवानगी लागते की काय, अशी शंका एकाने काढली. पण भारतीय वन अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. माणगा विणकामाला उत्तम. काटे नाहीत, काठी सरळ, जवळजवळ भरीव, त्यामुळे एका कांबेतून, म्हणजे चिरलेल्या फाकेतून, एकाखाली एक अशा दोन-तीन पाती, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्या, निघतात.

चुकलं ते तोडायच्या वेळेचं. वर्ग सुट्टीत घ्यायचा म्हणून काठ्या वर्गाच्या दोन दिवस आधी, मे महिन्यात तोडल्या. पावसात नवे कोंब फुटतात, त्यांच्यासाठी बांबूचं बेट (एका जागी वाढलेला झुपका) उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत काठ्यांमध्ये पिष्ट साठवून ठेवतं. बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला हेच पिष्ट हवं असतं. म्हणून जुने लोक पावसाळा संपल्यावर, थंडीत बांबू तोडतात, आणि शक्यतो अंधाऱ्या पक्षात. पक्षाचं बाजूला ठेवलं तरी थंडीचं कारण पक्कं आहे.

एका टोपलीला काय लागतं

वर्गात करायची टोपली ठरली ती अशी: चौकोनी तळ, गोल तोंड, तोंडाचा व्यास २८ सेंमी, उंची साधारण १२ सेंमी. तळासाठी आणि उभ्या अंगासाठी १२ मिमी रुंद, सव्वा मिमीपर्यंत जाड, ६० सेंमी लांब अशा १६ पाती. आठ उभ्या, आठ आडव्या, मध्ये सहा-सहा मिमीची फट ठेवून एकाआड एक विणल्या की १४ सेंमीचा चौकोन तयार होतो. चारही बाजूंनी मिळून ३२ टोकं वर उभी राहतात.

इथे नवशिक्याला न दिसणारी एक मेख आहे. टोकं सम संख्येची असली आणि एकच आडवी पात गोल फिरवली, तर दुसरा फेरा पहिल्याच्याच वाटेने जातो. पहिल्यात जी पात आत होती ती दुसऱ्यातही आतच राहते, आणि विणच पडत नाही. म्हणून टोकं विषम हवीत. काकांनी एका बाजूच्या मधोमध अर्ध्या लांबीची एक जादा पात तळात खुपसून ३३ टोकं केली. कोपऱ्यातली एक पात मधून उभी चिरून दोन करूनही हेच साधतं, पण त्या दोन्ही अरुंद होतात आणि तो कोपरा कायम हलका राहतो.

अंगासाठी आडव्या पाती ६ मिमी रुंद आणि जाडीला पाऊण मिमीच्या आत. आडवी पात नेहमी उभीपेक्षा पातळ हवी. ती जाड झाली की उभ्या पातीला वाकवते, आणि टोपलीचं अंग आत-बाहेर होत जातं. २० फेऱ्यांना सुमारे १५ मीटर आडवी पात लागते, म्हणजे अडीच मीटरच्या सात पाती, सांध्याला चार-चार उभ्या पातींवर एकमेकींवर चढवून. काठाला दीड सेंमी रुंद, ३ मिमी जाड, मीटरभर लांबीच्या दोन कांबी, एक आतून, एक बाहेरून. काठ बांधायला फक्त हिरव्या सालीची, ३ मिमी रुंदीची, तीनेक मीटर पात.

बारा टोपल्यांचा हिशोब केला तर उभ्या पाती दोनशेच्या वर आणि आडव्या लांब पाती ८४. हा हिशोब वर्गाआधी कोणी कागदावर मांडला नव्हता. काकांच्या हातून पस्तीस मिमी जाडीच्या एका अडीच मीटरच्या तुकड्यातून सोळा-सतरा चांगल्या पाती सहज निघतात, त्यावरून संस्थेने काठ्या मोजल्या. शिकणाऱ्याच्या हातून त्याच तुकड्यातून सहा-सात निघाल्या तर पुष्कळ, ही बाब मोजणीत धरलीच नाही.

अडचण

पहिला दिवस पाती काढण्याचा. काकांनी काठी निवडण्यापासून सुरुवात केली. यंदाची काठी ओळखायची ती खोळ (कोंबावरचं आवरण) अजून चिकटलेली आणि अंगावर पांढरी भुकटी असल्याने. अशी काठी घ्यायची नाही, ती सुकताना सुरकुतते. दोन ते तीन पावसाळे पाहिलेली काठी विणायला, त्याहून जुनी काठाच्या कांबींना. बुडाचा हात-दीड हात भाग सोडायचा, तिथे पेरं जवळजवळ असतात. चिरायला सुरुवात शेंड्याकडच्या टोकाने. कोयता टाकून काठी आधी दोन, मग चार, मग आठ करायची. चीर एका बाजूला सरकायला लागली, म्हणजे एक फाक जाड आणि एक बारीक होऊ लागली, की जाड फाकेला जास्त वाकवायचं. चीर नेहमी जास्त वाकवलेल्या बाजूकडे वळते, त्यामुळे ती पुन्हा मध्यावर येते. सगळ्या तासणीची गुरुकिल्ली हीच, आणि ती हाताला कळायला वेळ लागतो.

त्यानंतर पेरांवरचे उंचवटे तासायचे, पोटाकडचा मऊ भाग काढून टाकायचा आणि उरलेल्या कांबेची थरात पात काढायची. सुरीने टोकाशी चीर पाडायची, कांबेचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि दोन्ही हातांनी वरची सालीची पात आणि खालची पात एकमेकींपासून ओढत न्यायची. मधल्या पेरापर्यंत सगळं सरळ जातं. पेरावर तंतू वाकडे असतात. तिथे हात थांबवून, सुरीचं टोक घालून, अंगठ्याने जाड बाजू दाबत पेर ओलांडायचं असतं. शिकणारे तिथेच ओढत राहतात आणि पात तुटते.

माणग्याच्या अडीच मीटर तुकड्यात आठ-दहा पेरं येतात. म्हणजे एका लांब पातीला तुटायच्या आठ-दहा जागा. साठ सेंमीच्या उभ्या पातींत दोन-तीनच. त्यामुळे संध्याकाळपर्यंत उभ्या पाती जवळजवळ पुऱ्या झाल्या, पण लांब आडव्या पाती ८४ हव्या असताना वापरण्याजोग्या तीसेकच निघाल्या. बोटं कापली होती, कारण सालीच्या पातीची कड पात्यासारखी धारदार असते. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बोटांना बांधायला दुसऱ्या दिवशी मिळाले. ते पहिल्याच सकाळी वाटायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी तळ विणून झाले आणि दुपारी अंगाचं काम सुरू करायचं होतं. आडव्या पाती पुरणार नाहीत हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

समोरचे पर्याय

संस्थेच्या ताई, काका आणि शिकणाऱ्यांपैकी दोघी अशी चर्चा झाली. समोर चार वाटा होत्या.

पहिली, टोपलीऐवजी लहान परडी करायची. अंगाचे फेरे दहावर आणले की पाती निम्म्या लागतात. काकांना हे पटत होतं. संस्थेला नको होतं, कारण पत्रकावर टोपली छापली होती आणि पेडण्याचे दोघे तेवढ्यासाठी आले होते.

दुसरी, दोघांत एक टोपली. यात एकजण विणतो आणि दुसरा बघतो, हे कुठल्याही वर्गात होतं. काठ बांधायचं काम तर एका वेळी एकच हात करू शकतो. ही वाट लगेच सोडली.

तिसरी, काका आणि त्यांच्या घरच्यांनी रात्री बसून पाती काढून द्यायच्या. काम सहज होण्यासारखं होतं. पण मानधन एका माणसाचं, दिवसाच्या कामाचं ठरलं होतं. काकांनी नकार दिला नाही, पण ते गप्प राहिले. आम्हाला वाटतं, तिथेच थांबून जादा कामाचे पैसे बोलायला हवे होते. ते कोणी बोललं नाही.

चौथी, शेजारच्या गावातल्या दुसऱ्या बुरूड घरातून तयार पाती विकत आणायच्या. त्यांनी मार्चमध्ये सुपांसाठी काढून ठेवलेल्या पाती होत्या. पातळ, सारख्या, पण पूर्ण सुकलेल्या. काकांनी स्पष्ट सांगितलं, "ओला नि सुका एकत्र घातलात तर टोपली वाकडी होतली, ताई." पाती भिजवून घेऊ, असं ठरलं आणि चौथी वाट घेतली.

पाचवी एक वाट कोणाला सुचली नाही, ती इथे नोंदवून ठेवतो. आडव्या पाती अडीच मीटरऐवजी सव्वा मीटरच्या काढता आल्या असत्या. सांधे दुप्पट झाले असते, पण प्रत्येक पातीत पेरं चार-पाचच आली असती आणि तुटण्याचं प्रमाण बरंच खाली आलं असतं. सांधे जास्त असलेली टोपली बुरुडाला आवडत नाही, बाजारात तिला भाव नाही. शिकणाऱ्याच्या पहिल्या टोपलीचं मात्र त्याने काही बिघडत नाही. वर्गाच्या दृष्टीने ही सगळ्यात चांगली वाट होती असं आमचं मत आहे.

काय केलं

तयार पाती आणून टाकीत भिजवल्या. सुकी पात रात्रभर, निदान आठ-दहा तास पाण्यात राहायला हवी. इथे दुपारी भिजवून तासाभरात वाटल्या. वरून ओल्या, आतून सुक्या. कोपऱ्यावर वळवताना काही तडकल्या, पण पातळ असल्याने बऱ्याच वळल्या, आणि त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटलं.

तळाची टोकं वर उचलण्याआधी तळ दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवून, पट्टी लावून, सालीची बाजू बाहेर घेऊन वाकवायची. जिथे घडी येते तिथे पेर असलं तर पात तुटते, म्हणून पाती मांडतानाच पेर तळाच्या मधे किंवा अंगाच्या वरच्या भागात येईल असं सरकवून घ्यायचं. हे काकांनी सांगितलं होतं. तरी दोन टोपल्यांची प्रत्येकी दोन-तीन टोकं पेरावर तुटली, कारण तळ विणताना सगळ्यांचं लक्ष फटी सारख्या ठेवण्यात होतं. तुटलेल्या जागी नवी पात तळात खुपसून काम पुढे नेलं.

तिसऱ्या दिवशी काकी आल्या, त्याही कोणी बोलावलं म्हणून नव्हे, काकांना एकट्याला बारा जण झेपत नाहीत हे बघून. त्या घरात तोडणी आणि तासणी काकांची, विण आणि काठ काकींचा. म्हणजे वर्गाला ज्यांच्या हाताची खरी गरज होती, त्यांना बोलावलंच नव्हतं. काकी आल्यावर विणीचा वेग आणि दर्जा दोन्ही बदलले. त्यांनी दोन गोष्टी प्रत्येकाच्या हातात बसवल्या. एक, आडवी पात ओढून घट्ट करायची नाही. ती टोकांमधून सैल घालायची आणि मग लाकडी पट्टीने खाली ठोकून बसवायची. ओढली की अंग आत येतं आणि टोपली मडक्याच्या तोंडाची होते. दोन, प्रत्येक पात बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असते, म्हणून सगळे सांधे एकाच बाजूला आले की ती बाजू फेऱ्यागणिक उंच होत जाते. सांधा दर वेळी पाच-सहा टोकं पुढे सरकवायचा.

तिसऱ्या दिवसअखेर नऊ टोपल्यांचे अंगाचे फेरे पूर्ण झाले. ज्याला जी मिळाली ती पात त्याने घातली. ओली, भिजवलेली, दोन्ही, कधी एकाच फेऱ्यात अर्धी ही आणि अर्धी ती.

चौथ्या दिवसाचा निर्णय

टोपल्या रात्रभर सभागृहात होत्या. मे महिन्यातली हवा, पंखे चालू. सकाळी टोपल्या वेगळ्याच दिसत होत्या. ओल्या पातींच्या पट्ट्यांत फेऱ्यांमधून उजेड दिसत होता, भिजवलेल्या सुक्या पातींचे पट्टे घट्टच होते. जिथे एका फेऱ्यात दोन्ही मिसळल्या होत्या तिथे टोपली ओल्या बाजूला बसली होती. तीन टोपल्या टेबलावर ठेवल्या की डोळ्यांना कलत्या दिसत.

याचं कारण सरळ आहे. बांबू सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आणि जाडीत आटतो. रुंदीत पाच ते दहा टक्के आटणं सर्वसाधारण. २० फेरे, प्रत्येकी ६ मिमी, म्हणजे १२ सेंमीची उंची. आठ टक्के आटलं तर जवळजवळ एक सेंमी जागा मोकळी होते, आणि ती फेऱ्यांमध्ये वाटली जाते. उभ्या पातीही अरुंद आणि पातळ होतात, त्यामुळे पकड सुटते. एकदा सुकून आटलेली पात तासभर भिजवल्याने फारशी फुगत नाही, म्हणून ती पुन्हा फारशी आटतही नाही.

काकींचं म्हणणं असं: काठ आज बांधायचा नाही. टोपल्या सावलीत, वाऱ्यावर, निदान आठवडाभर ठेवायच्या. मग फेरे खाली ठोकायचे, वर मोकळ्या झालेल्या जागेत एक-दोन फेरे वाढवायचे, आणि तेव्हा काठ. तोवर टोकं कापायची नाहीत. उन्हात ठेवायचं नाही, उन्हाकडची बाजू आधी आटते आणि टोपली पिळवटते.

पाचव्या दिवशी दुपारी समारोप होता, पाहुणे बोलावले होते. संस्थेने निर्णय शिकणाऱ्यांवर सोडला. वरवर हे उदार वाटतं. पण पाच दिवसांत शिकलेला माणूस आठवड्यानंतर टोपली किती आटेल हे कसं ओळखणार? असा निर्णय शिकवणाऱ्याचा असायला हवा.

चार जणांनी काठ बांधून घ्यायचं ठरवलं, त्यांत पेडण्याचे दोघे, कारण त्यांना परत यायला जमणार नव्हतं. सहा जणांनी टोपल्या उघड्या ठेवल्या. दोघांच्या टोपल्या इतक्या बिघडल्या होत्या की त्या उसवून त्यांनी काठ बांधायचा सराव एका जुन्या टोपलीवर केला.

काठ बांधताना एक उभं टोक सोडून एक आत वळवून फेऱ्यांत खुपसायचं, उरलेली शेवटच्या फेऱ्यालगत कापायची. मग दोन कांबी, एक आतून, एक बाहेरून. कांबीची टोकं आठ-दहा सेंमी एकमेकींवर येतात, ती आधी सोलून निमुळती करायची, नाहीतर तिथे गाठोडं होतं. आतल्या कांबेचा सांधा आणि बाहेरच्या कांबेचा सांधा टोपलीच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवायचा. मग टोच्याने वरून दुसऱ्या फेऱ्याखाली भोक पाडून सालीची ओली पात गुंडाळत न्यायची, एक फेरा एका दिशेने, दुसरा उलट दिशेने, म्हणजे फुल्या पडतात. हल्ली पुष्कळजण इथे तार वापरतात. काकी वापरत नाहीत, कारण पावसाळ्यात तार गंजते आणि बांबूवर काळा डाग धरतो.

निष्पत्ती

सहा जण आठ दिवसांनी अर्ध्या दिवसासाठी परत आले. फेरे ठोकल्यावर बहुतेकांना दोन फेऱ्यांची जागा मिळाली. ओल्या पातींच्या टोपल्यांना जास्त, मिसळलेल्यांना कमी-जास्त. कलती झालेली एक टोपली काकींनी बसलेल्या बाजूला अर्ध्या फेऱ्याची पाचर घालून सरळ केली. अशी अर्ध्यावरून परत वळवलेली पात तोंडापाशी कोणाला दिसतही नाही. हा तुकडा मूळ वर्गात नव्हता, आणि बचत गटातल्या बायकांच्या मते पाच दिवसांपेक्षा त्या अर्ध्या दिवसात जास्त शिकायला मिळालं.

गणपतीनंतर संस्थेने सगळ्यांकडे चौकशी केली. शेवटच्या दिवशी काठ बांधलेल्या चारपैकी तीन टोपल्यांचे काठ हलत होते, अंगात बोटाचं टोक जाईल एवढ्या फटी होत्या. चौथी मात्र चांगली घट्ट होती. तिच्यात योगायोगाने सगळ्या आडव्या पाती विकत आणलेल्या, सुक्याच होत्या. यावरून काकांच्या वाक्याचा नेमका अर्थ कळतो. सुकी पात वाईट नाही, ओलीही वाईट नाही, दोन्हींचं एका टोपलीत येणं वाईट. थांबून बांधलेल्या सहापैकी पाच उत्तम होत्या.

सहाव्या टोपलीला आणि काठ हललेल्यांपैकी एकीला भुंगा लागला. मिलिमीटरभराची गोल भोकं आणि टोपलीखाली मैद्यासारखी पिवळसर पूड. एक टोपली उकळत्या पाण्यात बुडवून, मग चुलीवर धुरात टांगून ठेवली, तिचा भुंगा थांबला. दुसरीकडे दुर्लक्ष झालं, ती पावसाळ्याअखेर भुगा झाली. आणखी दोन टोपल्यांवर काळी बुरशी होती. ती ओल्या फडक्याने पुसून, सुकवून गेली, डाग राहिले.

बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात काठ्या बुडवल्या असत्या तर भुंगा टळला असता, असं नंतर सुचवलं गेलं, आणि ते बरोबर आहे. फुलांच्या, कपड्यांच्या टोपलीला तो उपाय करावा. ज्यात तांदूळ धुवायचे किंवा भाकरी ठेवायची तिला नको, असं आम्ही ठामपणे सांगू. तिथे थंडीत तोडणी, काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणं आणि चुलीचा धूर, हेच बरे.

शिकणाऱ्यांपैकी चौघी पुढेही विणत आहेत. त्यांतल्या दोघी काकींकडे आठवड्यातून एकदा बसतात. बांधावर माणगा असलेल्या शेतकऱ्याने विणकाम सोडलं, पण आता तो काठ्या वयाप्रमाणे खुणा करून ठेवतो आणि बुरुडांना थंडीत तोडून देतो. बाकीच्यांनी पुन्हा सुरी हातात घेतलेली नाही, आणि त्यांत काही गैर नाही.

पुन्हा करताना

दुसरा वर्ग ठरवताना संस्थेने काकांबरोबर काकींनाही चर्चेला बसवलं. ठरलेले बदल असे.

वर्ग डिसेंबरात. काठ्या त्याच आठवड्यात तोडलेल्या, सगळ्या एकाच बेटातल्या, सगळ्या ओल्या. पाती काढल्या की ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या, दुपारी मोकळ्या ठेवायच्या नाहीत. वर्गात बाहेरची सुकी पात आणायची नाही. आणावीच लागली तर ती एका वेगळ्या टोपलीसाठी, रात्रभर भिजवून.

आडव्या पाती सव्वा मीटरच्या. काकांना हे सुरुवातीला रुचलं नाही, ते म्हणाले, असली टोपली मी कोणाला विकणार नाही. काकींनी त्यांना सांगितलं की ही विकायची नाहीच आहे. पाती सारख्या रुंदीच्या निघाव्यात म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात ६ मिमी अंतरावर सुरीची दोन धारदार पाती ठोकून साचा करायचा, त्यातून पात ओढली की दोन्ही कडा एका मापाच्या होतात. जाडी मात्र हातानेच. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी पाती काढायला यंत्रंही असतात. पण टोपलीची पात हाताने काढायला शिकणं हाच या वर्गाचा गाभा आहे, तो यंत्राकडे सोपवायचा नाही, यावर दोघांचं एकमत होतं. आमचंही आहे.

पाच सलग दिवसांऐवजी वर्ग दोन भागांत: आधी तीन दिवस, मग दहा दिवसांचा खंड, मग एक दिवस काठाचा. लांबून येणाऱ्यांची यात गैरसोय आहे, पेडण्याच्या दोघांसारखी माणसं यामुळे कदाचित येणार नाहीत. त्यांच्यासाठी एक पर्याय ठेवला आहे. त्यांनी वर्गात परडी करायची, तीही पूर्ण सुकवून भिजवलेल्या पातींची, म्हणजे काठ तिसऱ्याच दिवशी बांधता येईल. ही परडी कितपत टिकते ते अजून कोणी पाहिलेलं नाही, काकी पहिल्या दोन स्वतः करून बघणार आहेत.

टोकं कधी कापायची आणि काठ कधी बांधायचा हे काकी ठरवतील, संस्था नाही आणि शिकणाराही नाही. मानधन दोघांचं, वेगवेगळं, आणि तयारीच्या दोन दिवसांसह. ट्यूबचे तुकडे, टोचे आणि लाकडी पट्ट्या प्रत्येकाला पहिल्या सकाळी. पत्रकावरचं टोपली घरी नेण्याचं वाक्य काढून टाकलं आहे. त्याजागी लिहिलं आहे की तीन दिवसांत बांबूची निवड, तासणी आणि विण शिकवली जाईल, आणि काठासाठी दहा दिवसांनी यावं लागेल.